गुण्यागोविंदाने

नातीचा घटक चाचणीचा गणिताचा पेपर घरी आला. वीसपैकी सतरा. माझ्या वेळी एवढ्या गुणांना पेढे वाटले असते. सूनबाईंनी विचारलं, "तीन कुठे गेले?"

त्यातला एक गेला तो प्रश्न असा: 'प्रत्येक चौरस हा आयत असतो. चूक की बरोबर?' नातीनं 'चूक' लिहिलं होतं आणि बाईंनी त्या 'चूक'वर लाल फुली मारली होती. म्हणजे चूक हे चूक होतं. एवढं उलगडेपर्यंत माझा चहा निवला.

"आबा, तुम्हीच सांगा," नात म्हणाली, "चौरसाला स्वतःचं चांगलं नाव असताना त्याला आयत कशाला म्हणायचं?"

प्रश्न माझ्याकडे आला, कारण घरात मापातला माणूस मी. भोसरी एमआयडीसीत एका व्हेंडरकडे 31 वर्षं इन्स्पेक्शनला काढली. मशिनवरून आलेला जॉब सरफेस प्लेटवर घ्यायचा, व्हर्नियर लावायचा आणि तीन ढिगांपैकी एकात टाकायचा. ओके, रिवर्क, रिजेक्ट. एक जॉब एकाच ढिगात. तोच जॉब ओकेमध्येही आहे आणि रिवर्कमध्येही, असं कधी निघालं तर दोष जॉबचा नसायचा, इन्स्पेक्टरचा असायचा. असल्या माणसाला आठवीचं पुस्तक सांगत होतं, की चौरस आयताच्या ढिगात आहे, समभुज चौकोनाच्या ढिगात आहे, समांतरभुजाच्या ढिगात आहे आणि पुन्हा स्वतःच्या ढिगात आहेच. आमच्याकडे असा जॉब आला असता तर मी सुपरवायझरला बोलावलं असतं.

तरी पुस्तक उघडलं. बालभारतीच्या आठवीच्या गणितात 'चौकोन रचना व चौकोनाचे प्रकार' असा अख्खा धडाच आहे. नात सेमी इंग्रजीत, म्हणून तिच्याकडे रॉम्बस, पॅरलॅलोग्राम, ट्रॅपेझियम. माझ्याकडे समभुज, समांतरभुज, समलंब. मराठी नावांचा एक फायदा आहे, नावातच व्याख्या सांगून टाकतात. समभुज म्हटलं की भुजा सम, विषय संपला. रॉम्बस म्हटलं की मला गाडीचं मॉडेल वाटतं. उद्या चाकणच्या एखाद्या प्लांटमधून 'नवी रॉम्बस, ऑन रोड अकरा लाख' निघाली तर आमच्या गल्लीत दोघं तरी बुक करतील.

इंग्रजी नावांचा आणखी एक घोळ मला भाच्याच्या मुलीकडून कळला. ती अमेरिकेत शिकते. आपली नात ज्याला ट्रॅपेझियम म्हणते, त्याला ती ट्रॅपेझॉइड म्हणते. आणि तिच्याकडे ट्रॅपेझियम म्हणजे ज्याची एकही बाजू दुसरीला समांतर नाही असा चौकोन. चार्ल्स हटन नावाच्या इंग्रज गणितज्ञानं 1795 साली गणिताचा कोश काढला आणि त्यात या दोन नावांची अदलाबदल झाली. इंग्लंडनं पुढे आपली नावं सरळ करून घेतली, अमेरिकेत ती तशीच राहिली. ड्रॉइंगवर एवढी चूक करून कोणी आमच्याकडे सुटला नसता.

असो. मूळ तक्रार चौरसाची. मी नातीला आयताची व्याख्या वाचायला लावली. ज्या चौकोनाचे चारही कोन काटकोन असतात तो आयत. "बाजूंबद्दल काय म्हटलंय?" "काहीच नाही." "मग चौरसाचे कोन काटकोन आहेत ना?" "आहेत, पण बाजू सारख्या पण आहेत." "असू देत की! व्याख्या म्हणजे गो गेज. आत गेला की पास. हा जास्तच चांगला बनलाय म्हणून गो गेज कोणाला अडवत नाही."

गो गेज म्हणजे काय, हे तिला समजावण्यात अर्धा तास गेला. पण समजावता समजावता माझंच डोकं उघडलं. मी 31 वर्षं ढीग घातले, पण ढिगाआधी गेज असतो हे विसरलो होतो. आणि गेजवाल्यांचा फायदा मोठा आहे. समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात, हे एकदा सिद्ध केलं की आयत, समभुज आणि चौरस यांच्यासाठी तेच पुन्हा लिहीत बसावं लागत नाही. एक इन्स्पेक्शन, चार जॉब ओके. असली बचत मालकाला कळली असती तर त्यानं भूमितीलाच बोनस दिला असता.

तरी नातीची बाजू अगदीच लंगडी नाही. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराला युक्लिडनं आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात चौकोनांची वर्गवारी केली, ती थेट आमच्या ढिगांसारखी. चौरस वेगळा. काटकोन आहेत पण चारही बाजू सारख्या नाहीत, तो वेगळा. चारही बाजू सारख्या पण काटकोन नाहीत, तो वेगळा. शेवटी काही मोजके प्रकार सोडून जे उरले त्या सगळ्यांना एकच नाव देऊन टाकलं. हा तर सरळ रिजेक्टचा ढीग! हा माणूस भोसरीत असता तर प्रोबेशन न लावता कन्फर्म झाला असता. मी नातीला म्हटलं, "तुझं उत्तर युक्लिडसारखं आहे." ती म्हणाली, "मग त्याचे पण गुण कापले का?"

त्या दिवसापासून मला जिथे तिथे हा ढीग आणि गेजचा तंटा दिसायला लागला. आपल्या पिंपरी-चिंचवडचंच घ्या. चिंचवडचा माणूस पुणेकर असतो का? तो मुंबईत गेला आणि कोणी विचारलं, कुठले, तर छाती काढून म्हणेल, पुण्याचे. तिथे गो गेज. तोच माणूस घरून निघताना बायकोला सांगतो, "पुण्याला जाऊन येतो." म्हणजे तो आहे तिथे पुणं नाही. आणि पुण्यात पोचला की सदाशिव पेठेतला कोणी त्याला 'तुम्ही तिकडचे' म्हणतोच. तिथे युक्लिड. आमची नगरपालिका 1970 ची, महापालिका 1982 ची. इतक्या वर्षांत आम्ही चौरस की आयत हे ठरलं नाही. दोन्हीही चालतं, कोण विचारतंय यावर आहे.

कारखान्यात तर हा तंटा गणवेशाच्या रंगावर चालतो. परमनंट, टेम्पररी, कॉन्ट्रॅक्टचा, ट्रेनी. नट सगळे एकच फिरवतात. कामगार दिनाच्या भाषणात सगळे कामगार. पगाराच्या दिवशी चार ढीग. चौकोनांत अटी वाढत गेल्या की मान वाढतो, सगळ्यांत जास्त अटी चौरसाला. इथे ज्याला सगळ्यांत जास्त अटी त्याला सगळ्यांत कमी पगार. पण हा विषय काढला की मुलगा म्हणतो, आबा, जेवा.

खरा निकाल लागला तो रस्त्यावर. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी नातीला चाकणचा संग्रामदुर्ग दाखवायला निघालो. हा भुईकोट जवळजवळ चौरस, कोपऱ्यांवर बुरूज. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे तो जवळपास दोन महिने झुंजवला. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हा गड गेला. चौकोनात जोर कोपऱ्याचा, हे खानाला कळलं होतं. नातीला हे सगळं गडावर उभं राहून सांगायचं ठरवलं होतं. आळंदी फाट्याच्या अलीकडे टायर बसला.

नाशिक हायवेवर कंटेनरांच्या रांगेशेजारी टायर बदलणं हे संग्रामदुर्ग लढवण्याइतकंच अवघड काम. मुलानं डिकीतून जॅक काढला. कैचीचा जॅक तुम्ही पाहिलाच असेल. चार पट्ट्या, चार सांधे, मधून आडवा आटा. मी नातीला खाली बसवलं आणि म्हटलं, हा बघ तुझा रॉम्बस. चारही पट्ट्या सारख्या लांबीच्या. आटा फिरवला की आडवा कर्ण आखडतो आणि उभा कर्ण वाढतो. बाजूंची लांबी केसाएवढीही बदलत नाही, बदलतात ते फक्त कोन. आणि अख्ख्या गाडीचं वजन या बदलत्या कोनांवर उचललं जातं. (नीट पाहिलं तर वरच्या आणि खालच्या टोकाला दोन पट्ट्या एकाच पिनवर नसतात, शेजारी शेजारी दोन पिना असतात, म्हणजे काटेकोर बोलायचं तर हा षटकोन झाला. पण इन्स्पेक्टरनं काही वेळा डोळे मिटावेत.)

मुलगा हँडल फिरवत होता. चपटा समभुज हळूहळू उभा व्हायला लागला. नात एकटक बघत होती. मध्येच ओरडली, "बाबा, थांबा!"

मुलगा दचकला. मागचा कंटेनरवालाही दचकला.

"आबा, आत्ता चौरस झालाय!"

खरंच झाला होता. आडवा कर्ण आणि उभा कर्ण दोन्ही सारखे दिसत होते. चारही सांध्यांत काटकोन. तिनं विचारायच्या आधीच मी विचारलं, "मग आता हा रॉम्बस राहिला नाही का? एक आटा आधी होता, एक आटा पुढे परत होणार. मधल्या क्षणापुरती त्याची नोकरी गेली?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "नाही. चौरस असताना पण तो रॉम्बसच आहे."

"मग?"

"मग बाईंचं बरोबर आहे."

मुलगा घामानं निथळत म्हणाला, "तुमचा क्लास झाला असेल तर मी गाडी वर घेऊ का?"

टायर बदलून निघेपर्यंत उन्हं कलली. पुढे ट्रॅफिक. चाकणला पोचून तळेगाव चौकात अडकलो तेव्हा नातीचा नवा प्रश्न, "याला चौक का म्हणतात? हा तर चौकोन नाहीच." वाड्याचा चौक खरंच चौकोनी असतो. चार बाजू, मध्ये तुळस, वर आभाळ. रस्त्यांचा चौक म्हणजे चार वाटा फुटतात ती जागा. पण निगडीचा भक्ती-शक्ती चौक गोल आहे. आणि शिफ्ट सुटण्याच्या वेळी चाकणच्या कुठल्याही चौकाला आकारच नसतो, नुसता आवाज असतो. संग्रामदुर्ग त्या दिवशी राहिलाच.

येताना मी तिला सांगितलं, की आपण बसलोय त्या गाडीत आणखी एक चौकोन आहे. स्टिअरिंगचे दुवे पुढच्या ॲक्सलसोबत मिळून समलंब चौकोन करतात. रुडॉल्फ ॲकरमन नावाच्या गृहस्थांनी 1818 साली लंडनला त्या रचनेचं पेटंट घेतलं, तेव्हा ती घोडागाडीसाठी होती. तो समलंब असतो म्हणूनच वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. आयत केला असता तर दोन्ही चाकं सारखीच वळली असती आणि टायर घासले असते. "म्हणजे आयत कधी कधी वाईट पण असतो?" नात म्हणाली. मी मान डोलावली. पण आयत नसल्यामुळे काय होतं, हे मला जास्त ठाऊक आहे. ते माझ्या घरातच आहे.

1994 साली चिखलीत एक गुंठा घेतला. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्या काळी भोसरी-तळवड्यात कामाला असलेल्या माणसाचं स्वप्न एक गुंठ्याचंच असायचं. एवढे गुंठे पडले की पुढे 2001 साली सरकारला त्यांच्यासाठी वेगळा गुंठेवारीचा कायदा करावा लागला. विकणाऱ्यानं चार खुंट्या दाखवल्या. "साहेब, चारही बाजू 33. टेप लावून बघा." मी लावला. मापातला माणूस ना मी! चारही बाजू बरोबर 33 फूट. मी सही केली.

खरेदीखतात एक मजकूर असतो, चतुःसीमा. पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस उरलेली मिळकत. जमीन कशीही असो, त्रिकोणी असो, पंचकोनी असो, ओढ्याच्या कडेनं नागमोडी गेलेली असो, कागदावर तिला चारच बाजू असतात. दस्तनोंदणीच्या लेखी महाराष्ट्रात फक्त चौकोन आहेत. त्यात कोनाचा कुठे उल्लेख नसतो.

हे भास्कराचार्यांना साडेआठशे वर्षांपूर्वी माहीत होतं. 1150 च्या लीलावतीत त्यांनी बजावलंय, की लंब किंवा एखादा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून जो चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो ते काढून देतो तो त्याहून मोठा. कारण बाजू त्याच ठेवून चौकोन जॅकसारखा हवा तितका लोळवता येतो. चारही बाजू 33 ठेवा आणि एक कोन 60 अंशांचा करा, 1089 चे 943 होतात. नातीच्या धड्यातही तेच आहे: चौकोन काढायला चार मापं पुरत नाहीत, पाच लागतात. विकणाऱ्यानं मला चार दिली. पाचवं मी मागितलं नाही. म्हणजे त्या व्यवहारात पिशाचं दोन होती.

पाचवं माप काढलं ते मिस्त्रीनं. पाया घेताना तो सातवी पास माणूस म्हणाला, "कर्ण बघू." त्यानं आणि त्याच्या पोरानं समोरासमोरच्या खुंट्यांना टेप धरला. एक कर्ण 48 फूट. दुसरा 45 फूट 4 इंच. चौरस असता तर दोन्ही 46 फूट 8 इंच भरायला हवे होते. मिस्त्रीनं टेप गुंडाळला आणि म्हणाला, "साहेब, प्लॉट गुण्यात नाही."

गुण्या हा फार चांगला शब्द आहे. सुताराचा, गवंड्याचा लोखंडी काटकोन म्हणजे गुण्या, आणि शाळेच्या कंपासपेटीतले दोन प्लॅस्टिकचे त्रिकोण म्हणजेही गुण्येच. जे काटकोनात आहे ते गुण्यात. गुण्यागोविंदानं नांदणं यातला गुण्या हाच की नाही ते भाषेच्या पंडितांनी ठरवावं, पण माझ्या मते गोविंद नंतर आला.

हिशेब केला तर क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस फुटांनी कमी होतं, एका पाटाची जागा. पण सगळे कोपरे तीन-सव्वातीन अंशांनी कलले होते. मिस्त्रीनं सरळ प्रश्न विचारला, "घर गुण्यात घेऊ की हद्दीत?" गुण्यात घेतलं तर खोल्या आयत होणार, पण कडेला निमुळत्या चिपा सुटणार. हद्दीत घेतलं तर एक इंचही जाणार नाही, पण खोल्या समांतरभुज होणार. आयुष्यभर अर्ध्या मिलिमीटरसाठी जॉब रिजेक्ट केलेला मी. बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "एका इंचाचे पैसे माहितेत का?"

घर हद्दीत बांधलं.

तीस वर्षं झाली. फरशी बसवताना भिंतीकडेची प्रत्येक फरशी तिरकी कापावी लागली. सतरंजी एका बाजूला भिंतीला लागते, दुसऱ्या बाजूला लागत नाही. नातीच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, तीन फूट रुंद. ते कारखान्यात बनलंय, त्यामुळे बिचारं अगदी गुण्यात आहे. त्याची कूस बाजूच्या भिंतीला टेकवली की पाठीमागे दूरच्या टोकाला दोन इंचांची फट राहते.

परवा ती चौकोनांचा गृहपाठ करत होती. सगळे प्रकार काढायचे होते. चौरसाखाली तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: हा आयतही आहे, समभुजही आहे, समांतरभुजही आहे. आयताला काटकोन काढायला म्हणून कपाटावर ठेवलेला गुण्या घ्यायला तिनं हात वर केला, आणि तो सटकून मागच्या फटीत पडला.

कपाट भरलेलं आहे, हलत नाही. तिला नवा गुण्या आणून दिला. जुना अजून तिथेच आहे.